कोपऱ्यावरचा चुना

पंचांच्या वहीत एकेकाळी बत्तीस नावं होती.
आता सात आहेत, त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेले,
आणि मुळ्ये फक्त घड्याळ लावतात.
शिट्टी म्हटली की त्यांना सून आठवते,
म्हणजे काय ते मी कधी विचारलं नाही.

इंदुरात खो-खोला पोरं मिळतात.
चिमणबागेत सकाळी साडेसहाला येऊन बघा,
अनवाणी, अर्धी झोपेत,
खांबाला हात लागला की जागी.
प्रशिक्षक मिळतात, पाहुणे मिळतात,
हार घालून घ्यायला नगरसेवक तर न बोलावता.
पंच मिळत नाही.

मी लग्नाच्या पंगतीत विचारलंय,
वीज मंडळातल्या निरोप समारंभात विचारलंय,
एकदा तर दहाव्याला, कावळ्याची वाट बघताना:
दीडशे रुपये, पोहे, आणि शिव्या.
शिव्या मी आधीच सांगून टाकतो.

मुक्ता रेशीमवाले हो म्हणाली
तेव्हा ती माझं रक्त काढत होती.
सोळाव्या वर्षी, उपांत्य सामन्यात,
तिच्या गुडघ्यात काहीतरी तुटलं;
तेव्हापासून मैदान टाळून लांबून जाते म्हणाली.
मी म्हटलं, पंचाला हूल द्यावी लागत नाही,
नुसतं बघावं लागतं.
तिनं कापूस दाबला. "किती वेळ?"
"सात-सात मिनिटांचे चार डाव."
"कापूस हो, काका. धरून ठेवा."

शिट्टी नवी घेतली.
दुसऱ्याची शिट्टी कुणाच्या तोंडी देऊ नये,
एवढं तरी मंडळानं माझ्याकडून शिकावं.

पहिला रविवार. चौदा वर्षांखालची मुलं.
तिसऱ्या डावाचं शेवटचं मिनिट,
एक किडकिडीत पोरगा कोपऱ्यावर तोल सावरत होता
आणि तिनं हात वर केला.
बाद.

मग जे होतं ते झालं.
"दिखता नहीं क्या, मॅडम!" एक बाप आत शिरला,
"चूना लगा दिया!"
लोक हसले. मुलगा हसला नाही,
आपल्या टाचेकडे बघत राहिला.

मी तिच्या मागे तीन पावलांवर,
हातात पाण्याची बाटली.
बोललो नाही. बोललो असतो
तर शिट्टी माझी झाली असती.
फक्त त्या बापाच्या आणि तिच्या मधोमध
बुटाची नाडी बांधायला बसलो,
बराच वेळ.
या वयात खाली बसलेल्या माणसाला
कुणी ओलांडून जात नाही.

परतताना ती चालवत होती, मी मागे.
पाटनीपुऱ्याच्या सिग्नलला म्हणाली,
"टाच आत होती ना?"
"होती."
सिग्नल सुटला. मागून हॉर्न.
"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

सांगायचं होतं की रेघ मी आखली,
पहाटे, एकट्यानं, दोरी न लावता,
आणि त्या कोपऱ्यावर पिशवी रिकामी झाली
म्हणून उरलासुरला चुना पायानं पसरला,
म्हटलं, लहान तर पोरं आहेत.
खिळा एकीकडे राहिला, चुना दोन बोटं आत.
तू चुना बघितलास.
पंचानं चुनाच बघायचा असतो.

हे सगळं मी सांगितलंही,
पण तिच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूला,
आणि शेजारून ट्रक जात होता.

वहीत तिचं नाव पेन्सिलीनं आहे.
पेन्सिलीची नावं साधारण
तिसऱ्या रविवारपर्यंत टिकतात.

रक्ताचा अहवाल आणायला मी गेलोच नाही.
गुरुवारी लॅबचा मुलगा घरी देऊन गेला.
साखर वाढलेली.
पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात:
"गोड बंद करा.
रविवारी चुना मी आणते, दोरी पण.
तुम्ही फक्त खिळे दाखवा."